सातबारा घेऊन बोर्दोला

चांगली फ्रेंच रेड वाइन तिच्या गावात जाऊन चाखायची, हे बरीच वर्षं मनात होतं. आमची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. बरीचशी थॉमसन ही खायची जात, आणि दोन एकर कॅबरने सोव्हिन्यों ही वाइनची, जी करारावर एका वायनरीला जाते. म्हणजे वेल ओळखीची, ब्रिक्स (रसातल्या गोडीचं माप) रोजचा, पण द्राक्षं बाटलीत गेल्यावर त्यांचं काय होतं याचा पत्ता नाही. घर माळकरी. टेम्पोत क्रेट चढले की आपला संबंध संपला, असा हिशोब.

२०२५ च्या मे-जूनमध्ये अखेर बायकोबरोबर बोर्दोला, फ्रान्समधल्या रेड वाइनच्या प्रसिद्ध शहराला, जाऊन आलो. निघण्याआधी मराठीत काही वाचायला मिळतं का ते शोधत होतो, तर एकतर टूर कंपन्यांच्या जाहिराती, नाहीतर आधीच सगळं कळणाऱ्यांनी आपसात बोलल्यासारखं लिहिलेलं. आमच्यासारख्या मधल्या माणसासाठी काहीच नाही. म्हणून जसं घडलं तसं लिहितोय.

तयारी जानेवारीतच सुरू केली. तारखा बागेने ठरवल्या. ऑक्टोबरात गोडी छाटणी (फळासाठीची), जानेवारी ते मार्च माल, एप्रिलमध्ये खरड छाटणी (नव्या काड्यांसाठीची). मेच्या शेवटी जरा मोकळीक मिळते. बोर्दोला काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरात असते आणि ती बघायची खूप इच्छा होती, पण त्या दिवसांत आम्ही घर सोडू शकत नाही. शिवाय काढणीच्या धांदलीत तिथले लोक पाहुण्यांना फार वेळही देत नाहीत.

व्हिसाची मला सगळ्यात जास्त धास्ती होती. अर्ज फ्रान्सच्या सरकारी संकेतस्थळावर भरायचा, त्याची छापील प्रत काढायची आणि व्हिसा केंद्राची वेळ घेऊन बोटांचे ठसे द्यायला जायचं. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. उन्हाळ्याच्या सुट्टीमुळे एप्रिल-मेच्या वेळा भराभर संपतात, म्हणून आम्ही मार्चमधली मुंबईची वेळ घेतली. शुल्क माणशी ९० युरो, म्हणजे तेव्हाचे साडेआठ-नऊ हजार रुपये, वर केंद्राचा सेवा आकार. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. तिकिटं, हॉटेलचं आरक्षण, बँकेची विवरणपत्रं, आयकर विवरणपत्रं हे नेहमीचंच.

शेतकऱ्यांची अडचण वेगळी. आपलं उत्पन्न करमुक्त, त्यामुळे आयकराच्या कागदावर माणूस गरीब दिसतो. मी सातबारा, वायनरीचा करार आणि द्राक्षविक्रीच्या पावत्या इंग्रजीत भाषांतर करून, नोटरी करून जोडल्या. सोबतच्या पत्रात प्रवासाचं कारण सरळ लिहिलं: आमची द्राक्षबाग आहे, बोर्दोच्या बागा आणि वाइन बघायची आहे, आणि ऑक्टोबरच्या छाटणीला घरी असणं भाग आहे. परत येण्याचं यापेक्षा सबळ कारण मला तरी सुचलं नाही. खिडकीवरच्या मुलीने सातबारा दोनदा उलटून पाहिला आणि ठेवून घेतला. पासपोर्ट दोन आठवड्यांच्या आत आले.

दुसरं काम शातोंची वेळ घेण्याचं. शातो म्हणजे तिथली वाइन बनवणारी मालमत्ता: बाग, तळघर आणि बहुतेक वेळा एक ऐटबाज वाडा. आपल्याकडच्या वायनरीत गेलं, तिकीट काढलं, चाखलं, असं मेदोकमध्ये, म्हणजे बोर्दोजवळच्या बागांच्या पट्ट्यात, होत नाही. ईमेल पाठवून दिवस आणि वेळ ठरवावी लागते. महिना-दीड महिना आधी लिहिलेलं बरं. इंग्रजी चालतं. रविवार बहुधा बंद, आणि बारा ते दोन जेवणाची सुट्टी. सगळ्यात वरच्या श्रेणीतल्या एका शातोने नम्रपणे कळवलं की आम्ही फक्त व्यवसायातल्या लोकांना घेतो. पोयाक गावातल्या, पाचव्या श्रेणीच्या एका शातोने लगेच होकार दिला. दीड तास, माणशी ३० युरो.

या श्रेणींचा किस्सा मला फार आवडला. १८५५ साली पॅरिसमध्ये जागतिक प्रदर्शन भरलं, तिसऱ्या नेपोलियनला तिथे उत्तम वाइन मांडायच्या होत्या. बोर्दोच्या दलालांनी यादी करून दिली, पाच श्रेणींची. ती करताना नव्याने चाखत बसले नाहीत, वर्षानुवर्षं कुठल्या शातोला काय भाव मिळतो ते बघून क्रम लावला. व्यापाऱ्याने भावावरून माल लावला, हे निफाडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. नवल याचं, की ती यादी आजही जवळपास तशीच आहे. मोठा बदल एकच: १९७३ साली मूतों रॉत्शिल्ड हे शातो दुसऱ्या श्रेणीतून पहिल्या श्रेणीत आलं.

३१ मे रोजी पॅरिसहून बोर्दोला पोचलो. वेगवान रेल्वेने दोन तासांच्या थोडं वर. तिकीट जितकं आधी काढाल तितकं स्वस्त. हॉटेल दिवसाला ८५ युरो, ट्रामच्या थांब्याजवळ.

थेट शातोला जाण्यापेक्षा आधी शहरात थोडं शिकून घ्यायचं, हे ठरवलं होतं. बोर्दोच्या वाइन परिषदेची स्वतःची शाळा आहे, तिथे दोन तासांचा इंग्रजी वर्ग घेतला. त्याच इमारतीत खाली परिषदेचा वाइन बार आहे. काही युरोंत तिथे खरोखर चांगल्या वाइनचा ग्लास मिळतो, तेही गावातल्या फार महागड्या दुकानांत न शिरता. नदीकाठचं २०१६ साली उघडलेलं सिते द्यू व्हँ हे वाइनचं संग्रहालय भव्य आहे. तिकिटात वरच्या मजल्यावर एक ग्लासही येतो. पण खरं सांगू, वेळ कमी असेल तर संग्रहालय सोडा आणि वर्ग करा.

वर्गात शिकवलेली पद्धत अगदी साधी. ग्लास तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच भरायचा आणि पांढऱ्या कागदावर तिरका धरून रंगाची कड बघायची. कड जांभळट असेल तर वाइन तरुण, विटकरी झाली तर वय झालेलं. मग न हलवता एकदा वास. मग ग्लास टेबलावरच ठेवून गोल फिरवायचा आणि पुन्हा वास. दोन्ही वेळचा वास वेगळा येतो, हे ऐकून माहीत होतं, नाकाने पहिल्यांदा कळलं. मग छोटा घोट घेऊन ओठांच्या फटीतून थोडी हवा आत ओढायची. जरा सुरसुर आवाज होतो, आणि सभ्य लोकांत बसून तो मुद्दाम करायचा, हे पहिल्या दिवशी अवघडच गेलं.

थुंकणं त्याहून अवघड. प्रत्येक टेबलावर त्यासाठी भांडं असतं. ताटातलं टाकू नये या संस्कारात वाढलेल्या माणसाला एवढी महागाची गोष्ट तोंडातून बाहेर टाकणं जमेना. पण सकाळी दहा वाजता चार-पाच वाइन चाखायच्या तर गिळून चालत नाही, पाचवीपर्यंत जीभ आणि डोकं दोन्ही कामातून जातात. बायको माझ्या आधी शिकली. एक युक्ती: हॉटेलच्या बेसिनपाशी पाण्याने सराव करा. हसू नका, उपयोगी आहे.

चव घेताना शिक्षिका एकेका गोष्टीची जागा दाखवत होती. आंबटपणा असेल तर गालांच्या आतून लाळ सुटते. अल्कोहोल घशात ऊब देतं. आणि टॅनिन हिरड्यांवर, जिभेवर तुरट बसतं, थेट कात लावल्यासारखं. हे टॅनिन सालीतून, बियांतून आणि देठांतून येतं. आमच्या थॉमसनला बीच नाही, पण कॅबरनेची बी आम्ही काढणीच्या आधी चावून बघतो: हिरवी-कडू आहे की तपकिरी आणि कुरकुरीत झाली. वायनरीचा माणूस सांगतो म्हणून इतकी वर्षं बघत होतो. का बघायची ते त्या खुर्चीत बसून कळलं.

शेवटी घोट गेल्यावर चव किती वेळ राहते ते मोजायचं. एका सेकंदाला तिथे एक कोदाली म्हणतात. साध्या वाइनला दोन-चार, चांगल्या वाइनला दहाच्या पुढे.

३ जूनला पोयाकला गेलो. बोर्दोच्या सँ-जाँ स्टेशनवरून स्थानिक रेल्वे जाते, तासाभराहून जास्त लागतो. गाड्या मोजक्याच असतात, त्यामुळे परतीची वेळ आधी बघून ठेवा. टॅक्सी मिळेल या भरवशावर राहू नका. गाडी मार्गो गावावरून जाते, आणि डाव्या-उजव्या हाताला वेली सुरू होतात.

त्या बघून मी बायकोला म्हटलं, ही रोपवाटिका आहे का? कमरेएवढ्या वेली, मीटर-मीटर अंतरावर, हेक्टरी १०,००० च्या घरात. आमच्याकडे नऊ बाय पाच फुटांवर लागवड, एकरी हजाराच्या आसपास, आणि वेल डोक्यावर मांडवात. त्यांचा ट्रॅक्टर उंच पायांचा, वेलींच्या डोक्यावरून चालतो. ठिबक कुठेही दिसत नाही, कारण फळावर आलेल्या बागेला पाणी देण्यावर तिथे नियमांची बंधनं आहेत. वेलीने मुळं खाली न्यावीत आणि पाणी स्वतः शोधावं, अशी अपेक्षा. जमीन म्हणजे नदीने आणून टाकलेले गोटे. आपल्याकडे कोणी ही जमीन घेतली असती तर गावाने वेड्यात काढलं असतं. पण गोट्यांतून पाण्याचा निचरा होतो, दिवसाचं ऊन त्यांत साठतं, आणि उशिरा पिकणाऱ्या कॅबरनेला तेच हवं असतं. नदीपलीकडे सँ-तेमिलियोंला चिकणमाती आणि चुनखडी जास्त, म्हणून तिकडे मेर्लो या दुसऱ्या जातीचं राज्य.

वाटेत काही ओळींची पानं निळसर दिसली. बोर्डो मिश्रण! पावसाळ्यात मोरचूद आणि चुन्यात हात निळे करून घेतलेल्या माणसाला ते लांबूनही कळतं. केवड्यावरचं (वेलीच्या बुरशीच्या रोगावरचं) हे औषध याच मेदोकातलं. रस्त्याकडेच्या द्राक्षांची चोरी होऊ नये म्हणून तिथले शेतकरी वेलींवर मोरचूद-चुना शिंपडायचे. त्या वेलींना केवडा लागत नाही हे मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या १८८२ साली लक्षात आलं, आणि १८८५ साली त्याने ते छापून जाहीर केलं. शातोतल्या मार्गदर्शक मुलीला मी सांगितलं की आमच्याकडे मिश्रण जमलं का ते बघायला त्यात लोखंडी विळा बुडवतात, त्यावर तांबं चढलं तर चुना कमी पडला. तिला हे नवीन होतं. तिने सांगितलं की आता युरोपात तांब्यावर मर्यादा आहे, सात वर्षांत हेक्टरी २८ किलो. तिथून पुढे ती आम्हाला पर्यटक समजेनाशी झाली. ठरल्या वेळेपेक्षा अर्धा तास जास्त गप्पा झाल्या. तुमची शेती असेल तर सुरुवातीलाच सांगून टाका.

बाग नुकतीच फुलोऱ्यातून निघून सेटिंगला (मणी धरायला) आली होती. कलमांविषयी विचारलं. आम्ही डॉगरिज या खुंटावर कलम करतो ते क्षार आणि पाण्याच्या ताणासाठी. त्यांना अमेरिकी खुंट घ्यावा लागला तो फिलोक्सेरामुळे. मुळांवरच्या या किडीने एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या बागा साफ केल्या होत्या.

तळघरात २२५ लिटरची ओकची बॅरल ओळीने मांडलेली. एकात ३०० बाटल्या. दीड वर्षाच्या आसपास वाइन त्यांत राहते, दर तीन महिन्यांनी गाळ मागे ठेवून दुसऱ्या बॅरलमध्ये ओततात. मग काही ठिकाणी अजूनही अंड्याचा पांढरा बलक घालून निवळतात, बॅरलला पाच-सहा अंडी. माळकरी घरासाठी ही माहिती महत्त्वाची, म्हणून मुद्दाम लिहिली.

मग चाखणं. दोन ग्लास होते. पहिली, ज्याला ते ‘दुसरी वाइन’ म्हणतात ती, २०२० ची. तरुण वेलींचा आणि मुख्य वाइनमध्ये न बसलेला माल यात जातो. मोकळी, फळांनी भरलेली, पहिल्याच घोटाला आवडली. दुसरी शातोच्या नावाची, २०१४ ची, बहुतांश कॅबरने, थोडी मेर्लो. ती पहिल्या घोटाला आवडली नाही. बंद, कोरडी, जरा कडकच. यासाठी एवढी ख्याती? बायकोच्या चेहऱ्यावरही तेच.

मुलगी म्हणाली, थांबा, घाई करू नका. ती बोलत राहिली, आम्ही ग्लास फिरवत राहिलो. पाच-सात मिनिटांनी वास घेतला तर पेन्सिल सोलताना येतो तो लाकडाचा वास. मग काळं फळ. ते लोक कासी (ब्लॅककरंट) म्हणतात, मी जांभूळ लिहून घेतलं. मग ओल्या मातीवर पडलेली पानं, थोडी तंबाखू. हे सगळं एकाच वेळी येत नाही, एक जातं, दुसरं येतं. तुरटपणा होता, पण टोचणारा नव्हता, जिभेवर बारीक पसरलेला. गिळल्यावर (हो, ही गिळली) मी मनात मोजत बसलो आणि बारानंतर मोजणं सोडलं. पहिली वाइन दहा मिनिटांनीही तशीच छान होती, दुसरी तोवर तिसऱ्यांदा बदलली होती. माझ्या मते फरक तिथेच आहे. जास्त गोड, जास्त कडक, जास्त गडद असा नाही.

तरीही किमतीबद्दल माझं मत: ठरावीक रकमेनंतर पैसे नावाचे असतात. शेजारीच पहिल्या श्रेणीतली लाफित आणि लातूर ही शातो आहेत (पाटी दिसताच मराठवाड्यातल्या मित्राला फोटो पाठवला), त्यांच्या एका बाटलीत आमचं बोर्दोतलं सगळं राहणं-जेवण निघालं असतं. आणि बोर्दोतल्याच साध्या दुकानात १० युरोंना रोज पिण्याजोगी वाइन मिळते. आणि चाखायला जायचं त्या सकाळी अत्तर लावू नका, कॉफी नको, पुदिन्याची टूथपेस्टही आधी दोन तास नको.

एक बाटली २०१४ ची ७४ युरोंना आणि एक दुसऱ्या वाइनची ३१ युरोंना घेतली. भारतात येताना माणशी दोन लिटर दारू शुल्काशिवाय आणता येते. त्यापलीकडे नेण्याचा मोह धरू नका, तेव्हा आयात वाइनवर एकूण १५० टक्के सीमाशुल्क होतं. एकाच दुकानात १०० युरोंच्या वर खरेदी झाली की फ्रान्सचा व्हॅट काही अंशी परत मिळतो. दुकानातून त्याचा फॉर्म मागायचा, पासपोर्ट जवळ हवा. पॅरिसच्या विमानतळावर त्याची यंत्रं आहेत, तिथे फॉर्मवरचा कोड स्कॅन करायचा. हे काम सामान विमान कंपनीकडे देण्याआधी करायचं, कारण सीमाशुल्कवाले वस्तू दाखवायला सांगू शकतात, आणि बाटल्या तर मोठ्या बॅगेतच जातात. आम्हाला सुमारे १२ युरो मिळाले. रांगेत गेलेला वेळ बघता बायकोचं मत आहे की ते सोडून दिले असते तरी चाललं असतं. बाटलीसाठी हवेची पिशवी घ्या, चार-पाच युरोंना मिळते. मुंबईला कोणी विचारलं नाही, पण बिल हाताशी ठेवलं होतं.

घरी दारू ठेवायची आणि प्यायची तर महाराष्ट्रात परवाना लागतो, हे अनेकांना माहीतच नसतं. राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या संकेतस्थळावर मिळतो, वर्षाचा १०० रुपये, आजीवन १,००० रुपये. मी आजीवन काढला. घरातले थोरले, नाना, म्हणाले, "आता कागदसुद्धा काढला का रे!"

बाटल्या आडव्या ठेवायच्या, म्हणजे बूच ओलं राहतं. निफाडच्या उन्हाळ्यात कपाटात वाइन ठेवली तर ती शिजते. आठ बाटल्यांचा छोटा वाइन फ्रिज घेतला, अठरा हजारांच्या आसपास पडला. दोन-चार महिन्यांपुरतं साध्या फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात चालतं, वर्षानुवर्षं नाही.

२०१४ ची बाटली या जानेवारीत, माल सुरू व्हायच्या आधी उघडली. आदल्या दिवशी उभी करून ठेवली, गाळ तळाला बसायला. बूच काढून त्याचा वास घेतला. ओल्या पुठ्ठ्याचा आला तर बाटली खराब समजायची, तसा आला नाही. मग खालून मोबाइलचा टॉर्च लावून सावकाश काचेच्या भांड्यात ओतली आणि मानेपाशी गाळ दिसताच थांबलो. तासभर उघडी ठेवली. रेड वाइन घराच्या तापमानाला प्यावी म्हणतात ते १६ ते १८ अंश; आपल्या मे महिन्यातलं घर नव्हे. निफाडच्या जानेवारीत उलटंच झालं, रात्री इतकी थंडी की ग्लास तळहातात धरून ऊब द्यावी लागली.

नानांनी प्यायची नव्हतीच, पण वास घेऊ म्हणाले. बराच वेळ ग्लास नाकाजवळ धरून बसले. "यात द्राक्ष कुठंय?" मग पुन्हा एकदा वास घेऊन म्हणाले, "काडी कापली की येतो, तो आहे थोडा." कॅबरनेत असा हिरवट वास असतो हे मी वर्गात पैसे देऊन शिकलो होतो.

जेवायला काळ्या मसाल्याचं मटण होतं, आणि ते तिच्याबरोबर जुळलं नाही. तिखटाने तुरटपणा वाढतो आणि अल्कोहोल जिभेला चावतं. मीठ, मिरी, लसूण घालून भाजलेल्या तुकड्यांबरोबर मात्र फार छान लागली, चरबीने टॅनिन मऊ होतं. शाकाहारी असाल तर कमी मिरचीचं वांग्याचं भरीत करून बघा, धुराचा वास तिला मानवतो. उरलेली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली होती, दुसऱ्या दिवशीही चांगली होती, तिसऱ्या दिवशी उतरली. ३१ युरोंची बाटली अजून आहे. ती काही फार वर्षं ठेवायची नसते, पुढच्या खरड छाटणीनंतर उघडू.